वलगणीची वाट

मृगाच्या पहिल्या सरींनीं पेण व रोहें तालुक्यांतील ओढे भरून वाहूं लागले कीं त्या लोंढ्यास तोंड देऊन मासे वर चढूं लागतात. नदीचें पात्र सोडून, ओहोळांतून आणि भातखाचरांच्या बांधांवरून मार्ग काढीत, उथळ पाण्यांत अंडीं घालावयास ते निघतात. या चढणीस तिकडे ‘वलगण’ म्हणतात. ज्यांच्या घरीं मासळी शिजत नाहीं, त्यांनींही या वलगणीची चिंता कां वाहावी, हें आज सांगावयाचें आहे.

मासा ही नदीच्या प्रकृतीची नाडी आहे. वलगण खुंटली, तर कोठें बांध आडवा आला, कोठें गाळानें डोह बुजला, कोठें कारखान्याचें सांडपाणी शिरलें, असें समजावें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या दूषित नदीपट्ट्यांच्या यादींत अंबा व कुंडलिका या दोघींचींही नांवें होतीं. पेण तालुक्यांतील हेटवणें धरणाचें पाणी तर नवी मुंबईंतील घरांना जातें. डोंगर उघडा पडून माती धुपली, तर त्याचें फळ शहरांतील घागरीलाही भोगावें लागणार.

हे ओढे ज्या डोंगरांतून उतरतात, तेथें ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. कोणता झरा वैशाखांत टिकतो, कोणत्या डोहांत मासा उन्हाळा काढतो, हें त्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक. २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक वन राखण्याचा हक्क अशा गांवांस दिला. पाण्यांतील मासळीवरील हक्कही त्यांत आहे, आणि पाणलोट व जलस्रोत यांच्या रक्षणाचा भार ग्रामसभेवर आहे.

परंतु हक्क आला, तरी हात कोठें आहेत? दगडी बांध घालणें, चर खणणें हीं कामें दिवाळीनंतरचीं. आणि नेमकीं त्याच वेळीं कित्येक कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. तीं पावसाच्या तोंडीं परततात, तोंवर कामाचा हंगाम सरलेला असतो. रोजगार हमीचें तत्त्व महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायद्यांत आणलें. त्या तत्त्वानें दिवाळीनंतर लागलीच वाडीवर काम निघालें व मजुरी वेळेवर हातीं पडली, तर उचलीचा फांस सैल होईल आणि ओढ्याचा राखणदार ओढ्याजवळ राहील.

हें स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेंतील क्लॅमथ नदींत सॅमन मासा समुद्रांतून अंडीं घालावयास येतो. धरणांनीं त्याची वरची वाट शंभरांहून अधिक वर्षें अडविली होती. २००२ सालीं या नदींत हजारों सॅमन मरून पडले. युरोक, कारूक इत्यादि आदिवासी जमातींनीं त्यानंतर वीस वर्षें नेट धरला. २०२४ सालीं चार धरणें काढून टाकण्याचें काम पुरें झालें, आणि त्याच ऑक्टोबरांत सॅमन वरच्या पात्रांत दिसले.

आपल्याकडे महाडजवळील वाळण कोंडींतले मासे वरदायिनी देवीचे मानून राखले जातात. श्रद्धेनें एक डोह राखला. सबंध ओढा राखावयाचा, तर श्रद्धेच्या जोडीस हक्क आणि रोजी हीं दोन्ही हवींत.

पेण-रोह्याकडे ज्यांची शेती वा आंबराई आहे, अशा कुटुंबांनीं एवढें करावें. आपल्या जमिनींतील ओहोळ बुजवूं नये. वाडीनें पोटापुरते मासे धरावे, त्यांत कांहीं बिघडत नाहीं; मात्र वलगणीच्या दिवसांत सबंध पात्र अडवील असें जाळें आपल्या शिवेंत कोणासही लावूं देऊं नये. ग्रामसभेचा ठराव कचेरींत अडून राहिला, तर आपल्या लेखणीचें साहाय्य द्यावें. पुढारपण मात्र वाडीचेंच असूं द्यावें.