डम्पिंग हटल्यावर जमीन कुणाची?

धारावीच्या उत्तर टोकाला, मिठी नदीच्या काठावर सदतीस एकरांचे दाट रान आहे. शाळांच्या सहली तिथे येतात, फुलपाखरांची मोजदाद होते, पावसाळ्यात वाटांवर ओल्या पानांचा थर साचतो. महाराष्ट्र निसर्ग उद्यान 1994 मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याआधी ही जागा म्हणजे मुंबईच्या कचऱ्याचा उकिरडा होती. कुजलेल्या कचऱ्यावर माती टाकून तिथे झाडे जगवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ‘बायोमायनिंग’ हा शब्द आपल्याकडच्या एकाही निविदेत नव्हता. यंत्रे थोडी होती, पैसाही बेताचाच होता. तरीही हे जमले, कारण ती जमीन खुली ठेवायची आणि लोकांसाठीच ठेवायची, हे आधी ठरले होते.

पुढे धारावी पुनर्विकासाच्या आराखड्यात हे उद्यान गिळले जाईल अशी भीती निर्माण झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 2023 मध्ये उद्यान या प्रकल्पात नसल्याचे सांगण्यात आले. म्हणजे उकिरड्याचे रान झाल्यावरही ते रान राखण्यासाठी नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. दूषित जमीन शुद्ध करण्याचा विषय निघाला की चर्चा यंत्रांवर, टनांवर आणि कोटींवर जाते. शुद्ध झालेली जमीन कुणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. देवनारच्या कचराभूमीबाबत तो आताच, काम पुढे सरकण्याआधी, विचारायला हवा.

देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. दक्षिण मुंबईच्या घराघरातून, मंडयांतून, हॉटेलांतून निघालेले सगळे काही जवळजवळ शतकभर या खाडीकाठच्या दलदलीत ओतले गेले. काही ठिकाणी ढिगारे दहा-बारा मजली इमारतीइतके उंच झाले. त्यांच्या पायथ्याशी शिवाजी नगर, बैंगनवाडी, रफीक नगर या वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांतली कितीतरी माणसे शहरातल्या इतर झोपडपट्ट्या तोडल्यावर इथे आणून टाकलेली. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात पालिकेच्या सगळ्या विभागांमध्ये, देवनार आणि गोवंडी ज्यात येतात तो, एम पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. जानेवारी 2016 च्या अखेरीस डम्पिंगला आग लागली, ती दिवसेंदिवस धुमसत राहिली. धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिनाभरातच, कचऱ्याची नीट विल्हेवाट होत नाही या कारणावरून, उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. एरवी गोवंडीच्या धुराकडे ढुंकूनही न बघणाऱ्या शहराला त्या बंदीची झळ मात्र लगेच जाणवली.

आगीनंतर भिंती उंचावल्या, पहारा वाढला. ढिगाऱ्यावर प्लास्टिक, तार आणि भंगार वेचून घर चालवणाऱ्यांच्या हातातले काम त्यामुळे सुटले. धूर त्यांनीच गिळला आणि रोजीही त्यांचीच गेली.

आता पालिकेने देवनारचा जुना कचरा उपसायचे ठरवले आहे. 2025 मध्ये निघालेली निविदा सुमारे 185 लाख टन कचऱ्यासाठी 2,368 कोटी रुपयांची होती. ही रक्कम पालिकेच्या, म्हणजे मुंबईकरांच्या तिजोरीतली. दुसरीकडे याच कचराभूमीतली 124 एकर जमीन राज्य सरकारने 2024 मध्ये धारावी पुनर्विकासासाठी द्यायचे मान्य केले. धारावीतच घर मिळण्यास जे अपात्र ठरतील, त्यांच्या घरांसाठी ती वापरायची, असा बेत आहे. म्हणजे जमीन शुद्ध करण्याचा खर्च सार्वजनिक, मोकळी झालेली जमीन एका पुनर्विकास प्रकल्पाला, आणि तिच्यावर राहायला जाणार ते धारावीत सर्वांत कमी हक्क मिळालेले लोक. शंभर वर्षे धूर गिळणारी गोवंडी या हिशेबात कुठेच नाही.

जुना कचरा उपसण्याची, म्हणजेच बायोमायनिंगची, रीत तशी सरळ आहे. ढिगारा उकरून त्याच्या रांगा लावायच्या, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारायचे, उलटापालट करत कचरा वाळू द्यायचा आणि मग फिरत्या चाळण्यांतून काढायचा. चाळणीखाली मातीसारखा बारीक भाग पडतो. प्लास्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात, दगड-विटा भरावाला. इंदूरने 2018 मध्ये देवगुराडिया इथला सुमारे 13 लाख टन कचरा याच रीतीने काही महिन्यांत संपवला. महापालिकेने मोठे कंत्राट देण्याऐवजी यंत्रे भाड्याने घेऊन स्वतः काम केले, त्यामुळे खर्च दहा कोटींच्या आसपास राहिला. म्हणजे टनाला 77 रुपये. देवनारच्या निविदेचा हिशेब टनाला 1,280 रुपयांच्या घरात जातो. देवनारचे ढीग उंच आहेत, जागा खाडीला लागून आहे, पावसात काम थांबते, हे सगळे मान्य. तरीही सोळापट फरकाचे स्पष्टीकरण पालिकेने नागरिकांपुढे मांडायला हवे. मुलुंडची कचराभूमी 2018 मध्ये बंद झाली, तिथला सुमारे 70 लाख टन कचरा काढण्याचे काम दिले गेले आणि मुदतीमागून मुदत उलटत राहिली. हा अनुभव ताजा आहे.

कचरा उचलला म्हणजे जमीन शुद्ध झाली, असे होत नाही. वर्षानुवर्षे झिरपलेल्या काळ्या पाण्याने तळची माती आणि भूजल भरलेले असते. चाळणीखालच्या बारीक मातीत शिसे, कॅडमियमसारखे जड धातू उरू शकतात, म्हणून तपासणी न करता ती शेतात किंवा बागेत टाकणे धोक्याचे. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर कार्यालयांच्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. जमिनीखालून येणाऱ्या वायूंमुळे तिथे संगणक आणि वातानुकूलन यंत्रे गंजून बंद पडू लागली. यंत्रांचे असे झाले, तर तिथे रात्रंदिवस राहणाऱ्या लहान मुलाचे काय होईल याचा विचार करावा. 2016 च्या घनकचरा नियमांनी म्हणूनच सांगितले की बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षे देखरेख ठेवावी आणि वायू व झिरपणारे पाणी मानकांत बसल्यावरच वस्तीचा विचार करावा. कचरा पूर्ण उपसला की हा नियम लागू होत नाही, असा युक्तिवाद सोयीचा आहे. पण वायू आणि पाणी कागदावरची व्याख्या वाचून थांबत नाहीत.

एम पूर्व विभागात पुनर्वसनाच्या नावाखाली आधी काय बांधले गेले, तेही विसरू नये. लल्लुभाई कम्पाउंड, नटवर पारेख कम्पाउंड इथल्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासाने हवा-उजेडाची ही टंचाई आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला. त्याच विभागात, आणि तेही कचराभूमीवर, आणखी दाट वस्ती वसवणे हा दुहेरी अन्याय ठरेल.

कायद्याचा आधार शोधायला जावे तर तोही अपुरा. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. देशात अशी 103 स्थळे निश्चित झाली होती आणि त्यांतल्या जेमतेम सात ठिकाणी काम सुरू झाले होते. संशयित जागेची प्राथमिक तपासणी नव्वद दिवसांत करावी, प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करावा, अशा चांगल्या तरतुदी या नियमांत आहेत. पण जागा कधीपर्यंत शुद्ध करायची याला मुदत नाही, आणि घनकचऱ्याच्या डम्पिंगला साधारणपणे या नियमांतून वगळलेले आहे.

मुदत नसली की काय होते, ते भोपाळने दाखवले. युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन विषारी कचरा वायुदुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला हलवला आणि जूनअखेर जाळून संपवला. बातम्यांतून विषय जणू मिटला. पण राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी 2010 मध्ये त्या परिसरातल्या दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन दिला होता. ती माती आणि तिच्याखालचे पाणी पीथमपूरला गेलेले नाही.

देवनारला याची पुनरावृत्ती टाळायची तर कामाच्या अटी आताच बदलाव्या लागतील. असे कंत्राट टनांवर मोजले जाते, त्यामुळे वजन उचलले की बिल निघते. शेवटचा मोठा हप्ता तळची माती आणि भूजल मानकांत आल्यावरच द्यावा. तपासणी त्रयस्थ संस्थेने करावी आणि निकाल मराठी, हिंदी, उर्दूत वस्तीच्या चौकात लावावेत. चाळण्यांवरच्या नोकऱ्यांत पहिला हक्क कचरा वेचणाऱ्यांचा असावा. कोणता माल काय आहे हे त्यांच्याइतके कुणाला कळत नाही. हातमोजे, मास्क, विमा आणि पगार मात्र पक्के हवेत.

जमिनीचा वापर आधी खुला असू द्यावा. मैदान, झाडी, सौर पॅनेल, पावसाचे पाणी मुरवणारे पट्टे चालतील. घरांचा विचार पंधरा वर्षांच्या तपासणीनंतर. न्यूयॉर्कची फ्रेश किल्स कचराभूमी 2001 मध्ये बंद झाली. तिच्या उद्यानाचा आतला पहिला भाग लोकांसाठी खुला व्हायला 2023 उजाडले. इतका धीर मुंबईला परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी धारावीच्या अपात्र कुटुंबांसाठी धारावीत किंवा तिच्या आसपास जागा शोधावी. आणि देवनारच्या त्या 124 एकरांचा करार पुढे नेण्याआधी एम पूर्व विभागात जाहीर सुनावणी घ्यावी. बैंगनवाडीतल्या माणसाला तिथे उठून बोलता आले पाहिजे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले पाहिजे.