माघारीचे धैर्य

जून महिना म्हणजे आपल्याकडे मृगाच्या सरींची वाट पाहण्याचा काळ. त्या दिवसांत हिमवादळात सापडून माणसे दगावावीत, हे सह्याद्रीत वाढलेल्या मनाला पटत नाही. परंतु जून २०२४च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर नेमके हेच घडले. २२ जणांचा चमू. बहुतेक कर्नाटकातील, एक महाराष्ट्रातील, सोबत तीन स्थानिक वाटाडे. ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, उघड्या डोंगरमाथ्यावर वादळाने त्यांना गाठले. ९ जण परतलेच नाहीत. उरलेल्या १३ जणांचे प्राण वाचले.

हिमालयात असा प्रसंग कोणत्याही चमूवर येऊ शकतो. दर १,००० मीटर उंचीमागे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि पश्चिमेकडील वातविक्षोभ आला की मे-जूनमध्येही माथ्यावर बर्फ पडतो. ओले कपडे व बोचरा वारा अंगातील ऊब झपाट्याने हिरावून नेतात. आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, अखेरीस विचारशक्तीच मंदावते. निर्णयाची सर्वाधिक निकड असते, तेव्हाच मन थिजलेले असते. म्हणून मागे वळण्याची वेळ पहाटे, तंबूतच ठरली पाहिजे आणि ती होताच, मुक्काम हाकेच्या अंतरावर दिसत असला तरी, वळले पाहिजे.

हे कळते सर्वांना. वळत मात्र नाही. पैसे भरलेले असतात, रजा काढलेली असते, आप्तेष्टांना सांगून झालेले असते. समूहात तर प्रत्येकाच्या मनात शंका येते आणि प्रत्येक जण दुसऱ्याने बोलावे म्हणून गप्प राहतो. अशा वेळी ‘परत फिरा’ म्हणणारा प्रमुख हवा आणि तो शब्द निमूटपणे मानणारे सहकारी हवेत. चमूचा वेग सर्वांत दमलेल्या गड्याच्या पावलांनी ठरावा, हीच खरी संघभावना.

१६६५ साली पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींनी २३ किल्ले दिले आणि १६७० पासून ते परत घेण्यास आरंभ केला. त्या माघारीला कुणी भ्याडपणा म्हणत नाही.

आपली मुले हिमालयात जातील, अवश्य जावीत. मात्र ती अर्ध्या वाटेवरून परतली, तर ‘शेवटपर्यंत का गेला नाहीस?’ असे घरात कुणी विचारू नये. त्या एका प्रश्नाच्या धास्तीनेच अनेक पावले पुढे पडत असतात.