ज्वरमुक्ती म्हणजे स्वास्थ्य नव्हे

२०२० व २०२१ च्या लाटांत कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेले अनेक रुग्ण पुढे कॅम्प ४ मधील आपल्यासारख्या वैद्यांकडे आले. तपासणी निगेटिव्ह, घरी सोडल्याचा कागद हातात. पण लालचक्कीहून विठ्ठलवाडी स्थानकापर्यंत चालताना धाप लागते, झोप नाही, केस मुठीने गळतात, जीन्सच्या शिलाईवर अर्धा दिवसही बसवत नाही. मागणी एकच : "वैद्यराज, काहीतरी ताकदीचे द्या." २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर धरलेले सांधे घेऊन येणाऱ्यांचीही मागणी हीच होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या केली. आजाराच्या प्रारंभापासून साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी व अन्य निदानाने स्पष्ट न होणारी लक्षणे तीत येतात. यातील शेवटची अट आपण सोयीस्करपणे विसरतो. स्टेरॉइडनंतर उघड झालेला मधुमेह, क्षयरोग, हृद्रोग हे सारे 'कोविडचा अशक्तपणा' या एका नावाखाली झाकले जाते. सायंकाळी ज्वर येऊन वजन उतरत असेल, तर आधी थुंकीची तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र; एकाच पोटरीस सूज व त्यासोबत धाप असेल, तर त्याच घटकेस रुग्णालय. तेथे आपला काढा नको.

ही कारणे वगळल्यावर आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. ज्वरमुक्ताने बल येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान व फार हिंडणे टाळावे, अन्यथा ज्वर परततो, असे चरकाचार्य सांगतात. थोड्याशा श्रमाने दुसऱ्या दिवशी खालावणारा रुग्ण आज आधुनिक वैद्यकालाही परिचित आहे. अशास "रोज पाच किलोमीटर चाला" हा सरसकट सल्ला देणे दोन्ही शास्त्रांना सोडून आहे.

रसायनाची घाई हा दुसरा दोष. अग्नी मंद असता पेया, विलेपी, मुगाचे यूष असा क्रम न देता थेट अवलेह सुरू करायचा आणि पोट फुगले की पाचक चूर्ण जोडायचे, ही चिकित्सा नव्हे, विक्री आहे. (हे औषधालयांच्या मालकांना आवडणार नाही, याची कल्पना आहे.) मधुमेह्याच्या हाती च्यवनप्राश देताना त्यातील साखर कोणी सांगत नाही. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेलीच्या सेवनाशी संबंध जोडलेले यकृतविकाराचे सहा रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये त्या निष्कर्षास आक्षेप घेतला. तो वाद कसाही मिटो. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली बाजारात येतात, हे आपण जाणतोच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यास गुग्गुळकल्प वा लसूण औषधमात्रेत देण्यापूर्वी तर विचारणा हवीच.

त्यामुळे गल्ल्यावर कोणी 'ताकदीचे' मागितले, तर बरणीकडे हात जाण्यापूर्वी रुग्णालयाचा कागद मागावा. नसेल, तर त्या दिवशी काहीही देऊ नये.