विसरण्याचा नवा मुक्काम

घरात हरवणाऱ्या वस्तूंत चष्म्याचा पहिला नंबर आता गेला. तो मान फोनने पटकावला. फोन शोधायला दुसऱ्याचा फोन लागतो, त्यावरून रिंग द्यायला स्वतःचा नंबर आठवावा लागतो, आणि तो आठवलाच तर फोन नेमका सायलेंटवर असतो. मग कोणीतरी सुचवते की मेलच्या खात्यावरून फोन वाजवता येतो. खाते पासवर्ड मागते. तो बदलायचा तर ओटीपी येतो, अर्थातच हरवलेल्या फोनवर. स्मार्ट यंत्रांमुळे विसराळूपणा कमी होतो, ही समजूत म्हणूनच एकदा तपासून पाहावी. तो कमी होत नाही, मुक्काम हलवतो. निरोप विसरणारा माणूस आता निरोप कुठे टिपून ठेवला ते विसरतो. ‘पासवर्ड विसरलात?’ हा प्रश्न लॉगिनच्या चौकटीखाली आधीच छापून ठेवणाऱ्या कंपन्यांना हे केव्हाच कळलेले दिसते.

याला पुरावाही आहे. बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना संगणकावर माहितीची वाक्ये टाइप करायला दिली होती. ही माहिती जतन होणार आहे असे ज्यांना वाटले, त्यांना ती कमी आठवली. ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली, हे मात्र लोकांना माहितीपेक्षा बरे आठवले. (त्या मालिकेतला एक वेगळा प्रयोग २०१८च्या पडताळणीत टिकला नाही, तेव्हा निष्कर्ष बेतानेच वापरावा.) मेंदू कामचुकार नाही, हिशेबी आहे. जे दुसरीकडे सुरक्षित आहे ते तो कशाला वाहील?

साधने माणसाला विसराळू करतात ही तक्रार जुनीच आहे, असे कोणी म्हणेल. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस इजिप्तच्या राजाची गोष्ट सांगतो. लिपीमुळे माणसे विसराळू होतील, अशी त्या राजाला भीती. ती आपल्यापर्यंत पोहोचली प्लेटोने लिहून ठेवली म्हणून. पावकी-निमकी शाळेतून गेली तरी बाजारातले हिशेब थांबले नाहीत. हा आक्षेप मान्यच आहे. पाठांतर गेल्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती वेळच्या वेळी करायच्या कामांची: गॅस बंद करणे, बिल भरणे, गोळी घेणे. इथे हुशारी आणि अनुभव दोन्ही तोकडे पडतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे नवे बॉम्बर विमान चाचणीत कोसळले. वाऱ्याने हलू नयेत म्हणून जमिनीवर जखडून ठेवलेले नियंत्रणाचे भाग मोकळे करायचे राहून गेले होते, आणि वैमानिक चांगला मुरलेला होता. त्यातून विमान चालवणाऱ्यांची तपासणी-यादी रुळली.

मग फोनचा गजर म्हणजे तशीच यादी नव्हे का? नव्हे. यादीतल्या ओळीवर खूण करायची तर आधी त्या ओळीतली कळ हाताने तपासावी लागते. गजर मात्र झोपेतही बंद करता येतो आणि ‘स्नूझ’ने तर काही न करताच काहीतरी केल्याचे समाधान मिळते. रक्तदाबाच्या गोळीचा गजर आठ वाजता वाजला, बंद झाला, एवढेच फोनला ठाऊक असते. गोळी पोटात गेली की नाही, हे फक्त गजर बंद करणाऱ्याला ठाऊक असायला हवे, आणि साडेआठला त्यालाच ते आठवत नसते. औषधांच्या दुकानात मिळणारी सात खणांची प्लास्टिकची डबी इथे जास्त कामाची ठरते. मंगळवारचा खण रिकामा असेल तर मंगळवारची गोळी बहुधा घेतलेली असते, आणि हे पाहायला कोणताही पासवर्ड लागत नाही.