जमीन वर आली, पण कशापेक्षा?

तुमच्या आईबाबांना 26 जानेवारी 2001च्या सकाळबद्दल विचारून बघा. कच्छच्या त्या भूकंपाने आपलं वडोदराही हादरलं होतं. हादरे सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण भूकंपात जमीन कायमची वर उचलली जाते किंवा खचते, ते चटकन कळत नाही. मला तर नेहमी प्रश्न पडायचा, की मोजणाराच त्या जमिनीवर उभा असेल, तर मोजायचं कशाच्या आधाराने?

पूर्वी हे पाण्याने दाखवून दिलं. 16 जून 1819 रोजी कच्छच्या रणात मोठा भूकंप झाला. सिंद्री किल्ल्याभोवतालची जमीन खचली आणि तिथे समुद्राचं पाणी शिरलं. लोक एका बुरुजावर चढले, म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांना होड्यांतून बाहेर काढलं. किल्ल्याच्या उत्तरेला सपाट रणात सुमारे 80 किलोमीटर लांब उंचवटा उभा राहिला, काही ठिकाणी चार ते सहा मीटर उंच. हा बांध माणसाने घातलेला नव्हता, म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं 'अल्लाह बंद'. पुढे 1826 साली सिंधूच्या पुराने तो फोडून वाट काढली.

आता हे काम उपग्रह करतात. पक्क्या खडकावर बसवलेलं जीपीएस यंत्र वर्षाला काही मिलिमीटर इतकी हालचालही टिपतं, पण फक्त त्या एका जागेची. सगळा प्रदेश बघायचा तर रडार हवं. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो आणि नासाचा 'निसार' उपग्रह 747 किलोमीटर उंचीवरून दर 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो. जमिनीवरून परतलेल्या लहरी तो टिपतो. दोन फेऱ्यांतल्या लहरी ताडून पाहिल्या, की जमीन किती सेंटीमीटर हलली ते कळतं.

यातून भूकंपाची तारीख सांगता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तशी तारीख सांगणारा मेसेज आला, तर पुढे पाठवू नका. पण दोन भूकंपांमधल्या शांत वर्षांत जमीन कुठे हळूहळू वाकते आहे, ताण कुठे साठतो आहे, हे या मोजमापातून समजतं. शाळा, दवाखाने, पूल किती भक्कम बांधायचे, हे ठरवायला ते उपयोगी पडतं. कच्छमध्ये 1819 आणि 2001 यांच्यात 182 वर्षं गेली; एवढ्या काळात माणसं विसरतात, मोजमाप विसरत नाही.

सुट्टीत पांढरं रण बघायला जाल, तेव्हा भुजचं 'स्मृतिवन' संग्रहालयही नक्की बघा.