परवडतं, पण कोणाला?

आमच्या घरात एक वही आहे. बाबांची. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तिच्या पहिल्या पानावर डाव्या बाजूला ‘डोंबिवली’ आणि उजव्या बाजूला ‘बदलापूर’ असं लिहिलं आणि मध्ये रेघ मारली. डावीकडे ७२ लाख, उजवीकडे ४० लाख. खाली दोनदा अधोरेखित करून ३२ लाख. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी ते पान सगळ्यांना दाखवलं. आजी, आई, दादा, वहिनी, मी. चार वर्षांचा भाचा तेव्हा झोपला होता. “परवडतंय,” बाबा म्हणाले. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे गप्प बसण्याला होकार म्हणतात.

माझं भांडण त्या ‘परवडतंय’शी आहे. या शब्दाला कर्ता नसतो. कोणाला परवडतंय हे सांगावंच लागत नाही, म्हणून तो इतका सोयीचा.

आधी बाबांची बाजू मांडते, कारण ती खरी आहे. ते खाजगी कंपनीत ३१ वर्षं राबले. सरकारी नोकरासारखी पेन्शन त्यांना नाही. पीएफच्या योजनेतून जी पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम सरकारने २०१४ साली ठरवली, महिना १००० रुपये. बाबांना त्याहून थोडी जास्त मिळते, पण तेवढ्यात आजीची औषधंही येत नाहीत. त्यांच्याकडे मोठी चीज एकच, डोंबिवलीचं घर. माणूस भिंती खाऊन जगू शकत नाही, म्हणून त्याने भिंती विकायच्या ठरवल्या. यात लोभ नव्हता, भीती होती.

आणि ही काही आमच्या घराण्यातली पहिली हलवाहलव नव्हे. आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांच्यापुरता कधी संपलाच नाही. चाळीतली खोली सोडून ते डोंबिवलीला आले, तेव्हाही घरात ‘तिकडे परवडतं’ असंच म्हटलं गेलं होतं म्हणे. पुढे त्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. १९९१ च्या नियमात जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि म्हाडाच्या घरांना जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. जनगणना सांगते की २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच २०११ साली ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. ही माणसं हवा बदलायला गेली नव्हती. लालबाग, डोंबिवली, बदलापूर, पुढे वांगणी, नेरळ. प्रत्येक पिढी एकेक स्टेशन मागे सरकते आणि प्रत्येक पिढीला वाटतं, हा आपणच घेतलेला निर्णय आहे.

तर राग बाबांवर नाही. राग त्या वहीवर आहे, कारण तिच्यात अर्धाच हिशोब आहे. उरलेला अर्धा मी तीन वर्षांनी मांडतेय.

३२ लाखांतून मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, कर, ग्रिल, ओटा, टेम्पो यांत ७ लाख गेले. उरले २५. सात टक्क्यांनी एफडी केली तर वर्षाला १ लाख ७५ हजार, म्हणजे महिन्याला साधारण साडेचौदा हजार. ही झाली कमाई.

आता खर्च. वहिनी घाटकोपरला एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. पगार २२ हजार. डोंबिवलीत असताना भाचा बालवाडीतून आला की खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला दोन तास सांभाळायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, फार तर दिवाळीला साडी. त्या काकू काही टेम्पोत भरता आल्या नाहीत. बदलापूरला लोकल कमी, एक चुकली की वाट बघत उभं राहायचं. घरी यायला आठ, साडेआठ. आजी ८२ वर्षांची, आईचे गुडघे गेलेले. चौथ्या महिन्यात वहिनीने नोकरी सोडली. कोणी तिला ‘सोड’ म्हटलं नाही. कोणी ‘सोडू नको’ असंही म्हटलं नाही.

तिचा पास, डबा, किरकोळ खर्च असे दोन हजार वजा केले तरी घरात येणारे २० हजार बंद झाले. आले साडेचौदा. सोसायटीचा मेन्टेनन्स हजाराने कमी झाला तो धरा. तरीही आमचं घर महिन्याला साडेचार हजारांनी खाली आहे. शिवाय दादा आणि मी जाऊन-येऊन रोज एक तास जास्त गाडीत असतो. दोन माणसं, महिन्याचे २५ दिवस, ५० तास. ते पन्नास तास कुठल्याच वहीत नाहीत.

मुद्दल शाबूत आहे, असं बाबा म्हणतील. आहे. पण मुद्दल डोंबिवलीतही शाबूत होतं, घराच्या रूपात. बदललं एवढंच की पूर्वी वहिनीच्या पासबुकात पैसे यायचे, आता बाबांच्या पासबुकात येतात. पैसे वाचले नाहीत, एका खात्यातून उठून दुसऱ्या खात्यात गेले आणि वाटेत थोडे सांडले.

मला सगळ्यात जास्त सलतं ते हे. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ४० लाखांवर ४० हजार. कांदे-बटाट्याचा भाव तीन दुकानांत विचारणाऱ्या आमच्या घराने ते ४० हजार सहज सोडले, कारण घर पुरुषाच्याच नावावर असतं. आईचं नाव लागलं नाही, वहिनीचं तर मनातही आलं नाही. म्हणजे जिथे बाईने सोडायचं होतं तिथे आम्ही पै-पैचा विचार केला, आणि जिथे बाईला द्यायचं होतं तिथे आम्हाला पैशाचं काही वाटेनासं झालं.

कायदा काय म्हणतो? स्वकष्टाचं घर, त्यामुळे विकायचा अधिकार बाबांचा. २००७ चा कायदा ज्येष्ठांना संरक्षण देतो, तो हवाच. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क डावलता येणार नाही. म्हणजे वहिनीला घराबाहेर काढणं सोपं नाही. पण घरच तिच्या नोकरीपासून उचलून वीस किलोमीटर लांब नेता येतं. त्याला कोणाची सही लागत नाही.

आता आमच्या पिढीची पाळी. हा लेख फोनवर वाचताना तुम्ही मान डोलावत असाल, तर थांबा. मी आणि दादा कमवायला लागल्यावर बाबांना महिन्याला किती देत होतो? दादा लाइट बिल भरायचा. मी ‘लागेल तेव्हा सांगा’ म्हणायचे, आणि बाबा सांगणारे नव्हेत हे मला माहीत होतं. आम्ही दोघांनी ठरवून सात-सात हजार दिले असते, तर त्या २५ लाखांच्या व्याजाइतके झाले असते. घर विकायची गरजच पडली नसती. भारतात २००७ पासून रिव्हर्स मॉर्गेज आहे. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या घरात राहून घर बँकेकडे तारण ठेवायचं आणि ठरावीक रक्कम घेत राहायची. बाबांनी एकदा विषय काढला होता. “म्हणजे शेवटी घर बँकेचं?” असं विचारून दादाने तो तिथेच संपवला. मीही दादाच्या बाजूने होते. म्हाताऱ्यांनी घर खाऊ नये, कारण ते पुढे आपल्याला हवंय, आणि तोपर्यंत त्यांनी काय खावं ते त्यांचं त्यांनी बघावं. हा आमचा हिशोब. तोही कुठल्या वहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं ‘जाऊ नका’ असं नाही. काही घरांना जावंच लागतं, काही घरांचं तिकडे चांगलंही होतं. माझं म्हणणं इतकंच की घरातल्या प्रत्येकाचं पान वेगळं लिहा. सुनेचा पगार, मुलीचे तास, आजीचा डॉक्टर, आईची भिशी, पोराची शाळा. विकण्याआधी वर्षभर तिकडे भाड्याने राहून पाहा, इथलं घर भाड्याने देऊन. भाड्यातला तोटा चुकीच्या सौद्याइतका मोठा नसतो. आणि या सगळ्यात जिचं उत्पन्न जाणार असेल, तिचं नाव नव्या घराच्या करारावर लागलं पाहिजे, उरलेल्या रकमेतला वाटा तिच्या खात्यात पडला पाहिजे. हे उपकार म्हणून नव्हे. तिने भरलंय, म्हणून.

‘घरात असं कागदावर मांडायचं म्हणजे धंदा झाला,’ असं कोणीतरी म्हणेलच. धंदा तर त्या रविवारी झालाच होता. फक्त त्यात एकाच बाजूचे आकडे होते आणि बाकीच्यांची बाजू ‘माया’ या नावाखाली फुकट धरली होती.

मागच्या महिन्यात मी हे सगळे आकडे बाबांना वाचून दाखवले. त्यांनी वही मागितली, चष्मा लावला, बेरीज दोनदा केली. माझी बरोबर निघाली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा का नाही बोललीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरात ती वही अजून उघडायची असेल, तर तुमच्याकडे अजून वेळ आहे.