सल्ला तज्ज्ञांचा, अध्यक्षपद सचिवांकडे

कोणती लस कोणाला, कोणत्या वयात आणि किती अंतराने द्यावयाची, याविषयी केंद्र सरकारला सल्ला देण्याचे काम राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटाकडे आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या गटात साथरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व विषाणुशास्त्रज्ञ असतात. अध्यक्षपदी मात्र केंद्रीय आरोग्य सचिव. म्हणजे ज्या खात्याने सल्ला ऐकावयाचा, त्याचाच प्रमुख अधिकारी सल्लागारांच्या बैठकीत मुख्य आसनावर!

या रचनेतील अवघडलेपण मे २०२१ मध्ये उघडे पडले. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमध्ये जानेवारीत चार ते सहा आठवड्यांचे अंतर होते. मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले. १३ मे रोजी सरकारने ते एकदम १२ ते १६ आठवडे केले आणि तज्ज्ञांच्या शिफारशीकडे बोट दाखविले. त्या सुमारास दुसरी लाट ओसरली नव्हती, १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लसीकरण खुले झाले होते आणि पुण्यात तयार होणारी ही लस पुण्यातल्याच केंद्रांवर मिळेनाशी झाली होती. अंतर विज्ञानाने वाढविले की टंचाईने, ही शंका लोकांच्या मनात आली ती उगाच नव्हे.

निर्णय अगदीच निराधार होता, असे मात्र नाही. ब्रिटनने डिसेंबर २०२० च्या अखेरीसच १२ आठवड्यांपर्यंतचे अंतर स्वीकारले होते व चाचण्यांतील माहितीही त्याला अनुकूल होती. प्रश्न होता १२ च्या पुढील आठवड्यांचा. राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे माजी संचालक डॉ. एम. डी. गुप्ते यांच्यासह गटाच्या तिघा सदस्यांनी जूनमध्ये ‘रॉयटर्स’ या वृत्तसंस्थेला सांगितले, की अशा शिफारशीसाठी पुरेशी माहिती गटापुढे नव्हती. सरकारने याचा इन्कार केला. ब्रिटनने तर भारताच्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी, भारतात प्रथम आढळलेल्या विषाणूच्या धास्तीने, पन्नाशीपुढील नागरिकांसाठी अंतर आठ आठवड्यांवर आणले.

सदस्यांचे मतभेद देशाला कळावेत ते परदेशी वृत्तसंस्थेकडून, ही या प्रकरणातील सर्वांत खटकणारी बाब. ब्रिटनच्या लसीकरण समितीची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात. शिवाय मंत्र्यांनी विचारलेल्या प्रश्नावरील आणि खर्चाच्या कसोटीवर उतरलेली तिची शिफारस २००९ च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये सरकारवर बंधनकारक असते. भारतात सल्ला स्वीकारणे सरकारच्या मर्जीवर. स्वीकारला तर त्याचीच ढाल होते.

मार्च २०२२ मध्ये याच गटाने कोव्हिशील्डचे अंतर आठ ते १६ आठवडे करण्याची शिफारस केली. तोवर देशातील बहुसंख्य प्रौढांच्या दोन्ही मात्रा घेऊन झाल्या होत्या.